गुलाबी संगमरवर

काकांच्या घरात मला खोली मिळाली ती एका प्रश्नाचं उत्तर दिल्यामुळे. डॅलसजवळच्या अर्विंगमध्ये नवी नोकरी लागली होती, नागपूरहून दोन बॅगा घेऊन उतरले होते आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'एक रिटायर्ड काका आहेत, घर मोठं आहे, स्वभाव थोडा वेगळा आहे.' त्यातला 'थोडा' हा लिहिणाऱ्याचा चांगुलपणा होता. दार उघडल्यावर काकांनी ना नाव विचारलं, ना गाव. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधल्या रुंद कमानीखाली त्यांनी मला उभं केलं, वर बोट दाखवलं आणि म्हणाले, "या छताचं ओझं कुठून जातंय?"

मी सॉफ्टवेअर टेस्टर. ओझं म्हटलं की मला विमानतळावरचा वजनकाटा आठवतो.

"खाली जातंय, काका," मी म्हणाले.

"बरोबर. आजवर जो आला तो वरच बघत बसला. खोली तुझी. चहा घेणार?"

काका मूळचे मिरजेचे, स्ट्रक्चरल इंजिनियर. अर्विंगमध्ये कोथिंबिरीची काडी मिळत नव्हती त्या काळात ते इथे आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी फक्त बहुमजली पार्किंग गॅरेजं डिझाइन केली. "माणूस राहील असं एकही घर बांधलं नाही मी. सगळं आयुष्य गाड्यांची सोय लावण्यात गेलं," असं ते हसत हसत सांगायचे, पण ते इतक्यांदा सांगायचे की त्यात हसण्यापलीकडचं काहीतरी असणार हे मला कळायचं.

कुठेही गेले की त्यांची मान आधी वर. बुफेच्या रांगेत लोक पनीर संपायच्या आत पुढे घुसतायत, आणि काका रिकामी प्लेट काखेत धरून छत्रीच्या टोकाने फॉल्स सीलिंगचा तुकडा उचलून आत डोकावतायत. मॅनेजर धावत आला, "अंकल, काय शोधताय?" काका म्हणाले, "तुमचा बीम." एका लग्नात नवरानवरीच्या खुर्च्यांवर जे झुंबर टांगलं होतं त्याचा हुक काकांना पसंत पडला नाही. त्यांनी वरपक्षाला सांगून खुर्च्या हलवायला लावल्या आणि मगच जेवायला बसले. वरमाई पुढे कित्येक महिने त्यांच्याशी बोलत नव्हती. काका मात्र म्हणायचे, "न बोलायला जिवंत आहे ना? मग झालं."

काका जाऊन आता दोन हिवाळे झाले. मी आता तिथून विमानाने चार तासांवर, बॉथेलला राहते, घर स्वतःचं आहे. तरी कुठल्याही नव्या जागेत पाऊल टाकलं की मी आधी वर बघते. नवरा म्हणतो, "अगं, लोक बघतायत." बघू देत.

त्यांच्या बोलण्यात दर दोन वाक्यांमागे 'मास्तर' यायचे. "मास्तर असते तर त्यांनी हा खांब इथे ठेवला नसता." "मास्तरांना शिकलेल्या लोकांनी फार छळलं." पहिला महिनाभर मी समजत होते की हे मिरजेच्या शाळेतले ड्रॉइंगचे मास्तर. मग एकदा जेवताना ते सहज म्हणाले, "मास्तरांनी जिवंतपणीच स्वतःच्या थडग्यासाठी छोटं देऊळ बांधून ठेवलं होतं, रंगकाम वगैरे सगळं करून." मी वरणाचा चमचा खाली ठेवला.

"काका, हे तुमचे मास्तर नक्की कुठले?"

मास्तर होते मेक्सिकोचे. तिथे स्पॅनिश लोकांचं राज्य होतं तेव्हाचे. एका आडगावात जन्मले आणि तिथेच मेले. चित्रं काढायचे, लाकूड कोरायचे, वाद्य वाजवायचे, गावातल्या बड्या लोकांची टिंगल करणाऱ्या कविता लिहायचे आणि पुस्तकं वाचून वाचून इमारती बांधायला शिकले. राजधानीतल्या अकॅडमीचे लोक त्यांना बघून नाकं मुरडायचे. मास्तरांनी त्यांना तिथेच नाकं मुरडत ठेवलं आणि आपल्या गावात एक चर्च बांधलं. भिंती त्यांच्या, घुमट त्यांचा आणि आतली चित्रंही त्यांचीच. "आमच्याकडे भिंत एकाची, रंग दुसऱ्याचा आणि कोर्टात तिसराच उभा," काका म्हणायचे. "या माणसाने भिंत बांधली आणि मग तिच्यावर चित्र काढलं. केवढं सुख असेल त्यात! मी गॅरेजच्या भिंतीवर फार तर बाण काढले, 'एक्झिट'चे."

हे वेड घरात आणलं ते मात्र काकूंनी. त्यांच्या पहिल्या अपार्टमेंटशेजारी एक मेक्सिकन बेकरी होती आणि पावभाजीला चालेल असा पाव त्या वेळी सगळ्या गावात फक्त तिथेच मिळायचा. एका वर्षी बेकरीवाल्याने काकूंना कॅलेंडर भेट दिलं. काकूंनी ते स्वयंपाकघरात तिथीच्या कॅलेंडरशेजारी टांगलं. त्यावर मास्तरांच्या चर्चचा फोटो होता. एकच मनोरा, आणि तोही बाजूला नाही, बरोबर दाराच्या डोक्यावर. काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "अहो, हा एवढा मनोरा दारावर कसा उभा राहिला? खाली तर मोकळंच आहे."

काकांना पटकन उत्तर देता आलं नाही. "पगार घेत होतो मी या विषयाचा," ते सांगायचे, "आणि बायको लाटणं घेऊन उत्तराची वाट बघतेय!" तिथून त्यांनी लायब्ररीतून पुस्तकं आणली, स्पॅनिश शिकले, फ्रिजवर त्या दाराची आणि मनोऱ्याची चित्रं चिकटवली. मी राहायला गेले तोवर त्या चर्चमधल्या कुठल्या खिडकीतून कुठल्या ऋतूत ऊन कुठे पडतं हेही ते सांगू शकायचे. फक्त ते चर्च त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दर वर्षी दोघांचं जायचं ठरायचं. आधी ग्रीन कार्ड अडकलं, मग मुलीच्या परीक्षा आल्या, मग काकूंचं दुखणं आलं आणि त्या दुखण्यातून काकू परत आल्या नाहीत. मी एकदा फोनवर विमानाची वेळ काढून त्यांच्यापुढे धरली. "काका, डॅलसहून सकाळी निघालात तर दुपारचं जेवण तिथे."

"पुढच्या वर्षी."

"मागच्या वर्षीही हेच म्हणालात."

"अगं, एकदा बघून टाकलं की संपलं," ते जरा चिडूनच म्हणाले. "मग कशाची वाट बघू?"

मी फोन खिशात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून मेथी निवडली.

मंडळाच्या गणपतीचं मखर करण्याचा मान मात्र काकांचाच होता. थर्माकोल त्यांना वर्ज्य. इंडियन ग्रोसरीच्या मागच्या दाराशी जाऊन ते आंब्याचे आणि पिठाचे रिकामे खोके गोळा करायचे आणि गॅरेजमध्ये त्या पुठ्ठ्याचे खांब, कमानी, घुमट उभे करायचे. गाडी मेपासून उन्हात. त्या मखराच्या चौथऱ्यावर लहान मूल उभं राहिलं तरी ते हलत नसे, आणि हे सिद्ध करायला ते खरोखरच एखादं मूल उभं करायचे. मंडळाचा अध्यक्ष केदार, पुण्याचा, तिशीतला, फोटोंच्या काळजीत जगणारा माणूस. तो दर वर्षी गॅरेजमध्ये येऊन तेच बोलायचा.

"काका, यार, जरा गोल्डन करू या ना. एलईडी सोडू. व्हाइटमध्ये फोटो फ्लॅट येतात."

"मास्तरांच्या गावातही सोनेरी देव्हारे होते," काका ब्रश न थांबवता म्हणायचे. "म्हणतात की त्यांनी ते उतरवले आणि साधे केले. लाकूडच, पण संगमरवर वाटावं असं रंगवलेलं. संगमरवर परवडत नाही तर रंगवावा. सोनं परवडत नाही तर त्याचा कागद कशाला चिकटवायचा?"

दोन्ही खोटंच की, असं केदारच्या चेहऱ्यावर उमटायचं. पण तो गप्प बसायचा, कारण त्याच्या बायकोला काकांचं मखर आवडायचं.

त्या वर्षी काकांनी ठरवलं की मास्तरांच्या चर्चमधला मुख्य देव्हाराच बांधायचा. खांबांची जोडी, वर त्रिकोणी माथा आणि सगळ्यावर पांढरा संगमरवर, राखाडी शिरांचा. जुलैपासून ते गॅरेजबाहेर आले नाहीत. ऑगस्टमध्ये मला ऑफिसच्या कामाला आठवडाभर बॉथेलला जावं लागलं. परत आले तेव्हा गॅरेजचं दार उघडं होतं, आत पंखा घरघरत होता आणि काका स्टुलावर उभं राहून पिसाने शेवटच्या शिरा ओढत होते.

सगळं मखर गुलाबी होतं. फिकं वगैरे नाही, बेकरीतल्या वाढदिवसाच्या केकसारखं, आणि त्यावर गडद लाल शिरा.

"कसं झालंय?" काकांनी विचारलं. "राखाडी जरा गडद पडली का?"

मी टेबलाकडे बघितलं. काळ्या रंगाची ट्यूब सीलबंद होती. शेजारी गडद लाल रंगाची ट्यूब पिळून पिळून चपटी झालेली; काळा समजून काकांनी पांढऱ्यात तोच मिसळला होता. मला एकदम गेल्या काही महिन्यांतलं सगळं आठवायला लागलं. पेपर वाचताना मान वाकडी करणं. कपाच्या बाहेर ओतलेला चहा. रात्री गाडी चालवणं बंद केलं ते 'इथले लोक फार वेड्यासारखे चालवतात' म्हणून. मी म्हणाले, "छान झालंय, काका," आणि आत जाऊन केदारला फोन केला.

केदार म्हणाला, "कोणी काही बोलायचं नाही. मी सगळ्यांना सांगतो. यार, त्यांचं लास्ट मखर असेल हे."

आणि मंडळाने, जे एरवी मोदक उकडीचे की तळलेले यावरही फुटतं, त्या मंडळाने एकमुखाने अळीमिळी गुपचिळी केली. शनिवारी हॉलमध्ये जो येईल तो, "काका, काय मार्बल केलंय!" साड्या नेसून आलेल्या बायका म्हणाल्या, "अगदी ताजमहाल हो!" पोरांनाही घरून दम देऊन आणलं होतं. माझ्यामागे एक चिमुरडी आईला सांगत होती, "But it IS pink." आई दबक्या आवाजात म्हणाली, "हो गं बाई, पण म्हणायचं नाही." काका स्टेजवर चढले आणि माइक घेऊन पांढऱ्या रंगावर राखाडी शिरा कशा ओढायच्या, पीस कसं फिरवायचं, ते सगळ्यांना समजावून सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तिथे उभं राहवेना. इतकी सगळी चांगली माणसं एका माणसाशी इतकं गोड वागताना मी कधी पाहिली नव्हती, आणि मला त्या सगळ्यांचा राग येत होता, माझ्यासकट.

हॉलची देखभाल करणारी बाई, मार्ता, मेक्सिकोची. खुर्च्या लावायला आत आली आणि मखरासमोर थांबली. काकांनी तिला गाठलं. ते संधी सोडणारच नव्हते. स्पॅनिशमध्ये त्यांनी तिला मास्तरांचं नाव, गावाचं नाव, चर्चचं नाव सांगितलं. मार्ताने मान हलवली. तिला ते चर्च माहीत नव्हतं. ती फार लहानपणी इकडे आली होती, परत जाणं झालंच नव्हतं. मग मखराच्या खांबावरून हात फिरवत ती आमच्यासाठी इंग्रजीत म्हणाली, "पण दगड आठवतो. माझ्या आजीच्या गावातली घरं अशीच होती. अशीच गुलाबी. किती सुंदर रंग लावलाय तुम्ही."

हॉलमध्ये टाळ झांजा जमवणाऱ्यांचे हात थांबले. केदारने डोळे मिटून घेतले. मार्ताला काही कळलं नाही. ती हसतच होती, आणि तिची काही चूकही नव्हती.

काकांनी खांबाकडे पाहिलं. मग मान तिरकी करून पाहिलं. मग माझ्याकडे वळले.

"गुलाबी आहे?"

"हो, काका."

ते "बरं" म्हणाले. मार्ताला वाकून 'ग्रासियास' म्हणाले, आरतीला उभे राहिले, सगळ्या आरत्या खणखणीत म्हटल्या, प्रसाद घेतला. गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवली तरी ते पट्टा लावेनात.

"केदारला माहीत होतं?"

"हो."

"पोराटोरांना?"

"हो."

"म्हणजे मी तिथे माइक घेऊन..." ते थांबले. मग काचेतून बाहेर बघत म्हणाले, "भिंतीला तडा दिसला आणि मालकाला वाईट वाटेल म्हणून इंजिनियर गप्प बसला, तर त्याला तुम्ही काय म्हणाल? डॉक्टरने मला वर्षापूर्वीच सांगितलंय. नजरेतलं मधलं आधी जातं, कडा राहतात. मीही कोणाला बोललो नाही, तेव्हा तुला काय बोलू. पण यापुढे मला जे असेल ते सांगायचं. कबूल?"

"कबूल."

"मग तिकीट बघ."

क्युपर्टिनोहून त्यांच्या मुलीचा फोन आला तेव्हा घर दणाणलं. "बाबा, आधी डोळ्यांची ट्रीटमेंट करा. मेक्सिको काय पळून जातंय? नंतर जा ना!" काका म्हणाले, "'नंतर' मी आणि तुझ्या आईने मिळून वापरून संपवलं. आता शिल्लक नाही." शेवटी ती सोबत जायला तयार झाली. मला जाता येणार नव्हतं. माझा व्हिसाचा स्टॅम्प संपला होता, बाहेर पडले तर परत आत येण्याची हमी नव्हती. निघताना काका नवा शर्ट घालून दारात उभे होते. मी त्यांना फोनवरून व्हिडिओ कॉल कसा करायचा ते पुन्हा पुन्हा शिकवलं आणि त्यांनी पुन्हा पुन्हा "एवढं येतं मला" म्हणून सांगितलं.

फोन आला तो भर दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना. मी लॅपटॉप तसाच टाकून शेजारच्या रिकाम्या खोलीत पळाले. स्क्रीनवर काकांचा चेहरा होता, इतका जवळ की एक कान बाहेर राहिला होता.

"पोचलो गं! समोर उभा आहे. पोरीला म्हटलं, तू जरा सावलीत थांब. हे बघ, हा मनोरा. सरळ बघितलं तर गायब होतो. जरा बाजूला बघितलं की हळूच येतो. लबाड आहे. दिसला का तुला?"

मला मनोरा दिसत नव्हता, दारही दिसत नव्हतं. कॅमेरा त्यांच्याकडेच वळलेला होता. 'हो, काका, किती सुंदर!' हे माझ्या अगदी ओठांवर आलं. तसं म्हटलं असतं तर त्यांना कधी कळलंही नसतं.

"काका, कॅमेरा उलटा आहे. मला फक्त तुम्ही दिसताय."

"अस्सं? कुठलं बटण?"

"खाली, उजवीकडे. गोल बाण आहे बघा."

मोठा अंगठा स्क्रीनवर आला, अंधार झाला, परत त्यांचा चेहरा आला. पुन्हा अंगठा, पुन्हा चेहरा. मग त्यांनी तो नाद सोडला. फोन हातात तसाच धरून त्यांनी मान एका बाजूला कलती केली, डोळे भलतीकडेच लावले आणि बघायला लागले. कपाळावर ऊन होतं. मला त्यांचा तो चेहरा अजून तसाच दिसतो. त्या माणसाला मी रागावलेलं पाहिलं होतं, काकूंच्या आठवणीने गप्प झालेलं पाहिलं होतं, पण इतकं खूश कधीच पाहिलं नव्हतं. मागे कुठेतरी घंटा वाजत होती, कोणीतरी काहीतरी विकत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांना हातातल्या फोनची आठवण झाली.

"आहेस का गं?"

"आहे, काका."

"मग ठेव आता. तुझ्याशी बोलत राहिलो तर माझं बघायचं राहून जाईल."

आणि माझं उत्तर ऐकायच्या आत त्यांनी फोन बंद केला. कोणी माझा फोन असा तोडून टाकल्याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.